रंग आणि जाति

प्राणिसंग्रहालयांत पांढऱ्या मोराच्या पिंजऱ्यापुढें घटकाभर उभें राहिलें, म्हणजे एक संभाषण बहुधा कानांवर येतें. "हा मोर कोणत्या देशांतला?" असें मूल विचारतें, आणि बरोबरचें वडील माणूस, ठाऊक नाहीं म्हणणें कमीपणाचें वाटून, कोणत्या तरी दूरच्या बर्फाळ मुलुखाचें नांव सांगून मोकळें होतें. वस्तुतः तो मोर आपल्याच रानांतील निळ्या मोराचा भाऊबंद असतो. त्याचा देश तोच, वंश तोच, आवाज तोच. पिसाऱ्यावरचे डोळेसुद्धां नीट निरखल्यास पांढऱ्यावर पांढरे असे अंधुक उमटलेले दिसतात. तथापि आम्ही त्या वडील माणसास हंसणार नाहीं. कारण ज्यांनीं पक्ष्यांची शास्त्रीय गणना केली आणि ज्यांच्या ग्रंथांवर पुढील पिढ्या पोसल्या, अशा पंडितांनींही हीच चूक केलेली आहे. आणि तीही एकदां नव्हे, तर शंभर वर्षांत निदान तीनदां. शिकारीच्या पक्ष्यांत क्वचित् आढळणाऱ्या निराळ्या रंगाचा हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण रंगावरून जात ठरविण्याची खोड मनुष्यास किती खोल जडलेली आहे, हेंही त्यावरून दिसून येतें.

हा घोटाळा शिकारीच्या पक्ष्यांतच ठळकपणें कां उघडकीस यावा, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें कारण साधें आहे. चिमणीसारखे पक्षी आपण नित्य पाहतों, पण हातांत घेऊन त्यांचें एकेक पीस कोणी तपाशीत नाहीं. तित्तिर, लावे, पाणलावे यांची गोष्ट वेगळी. युरोपांत हे पक्षी दर हंगामास हजारोंनीं मारले जात, मोजले जात, बाजारांत येत, आणि शेवटीं सरदारांच्या मुदपाकखान्यांत सोलले जात. हजारों पक्षी हातांखालून गेले, म्हणजे हजारांत एक असलेला विपरीत रंगाचा पक्षीही केव्हां ना केव्हां हातीं लागणारच. मग तो मुदपाकखान्यांत न जातां पेंढा भरून कांचेच्या कपाटांत जाई, आणि तेथून एखाद्या पंडिताच्या मेजावर.

पहिली हकीकत फ्रान्समधील आहे. माथुरें झाक ब्रिसों हा फ्रेंच विद्वान् पॅरिसमध्यें रेओम्यूर या प्रख्यात शास्त्रज्ञाच्या वस्तुसंग्रहाचें काम पाहत असे. १७६० सालीं त्यानें आपला पक्षिशास्त्रावरील सहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथांत युरोपांतील साध्या राखी तित्तिराहून निराळा असा एक तित्तिर त्यानें वर्णिला. त्याचें अंग राखी नसून गडद तांबूस होतें. ब्रिसोंनें त्याला 'डोंगरी तित्तिर' असें नांव दिलें. नांवांत डोंगर आला, त्याबरोबर त्या पक्ष्यास एक घरही मिळालें. आणि ज्याला स्वतंत्र नांव व स्वतंत्र घर आहे, तो स्वतंत्र कुळाचा असलाच पाहिजे, अशी लोकांची समजूत झाली. पुढें इंग्लंडांतील सपाट शेतांतही तसेच तांबूस तित्तिर साध्या तित्तिरांत मिसळलेले आढळले. तेथें डोंगर नव्हता. शिवाय पुरा राखी आणि पुरा तांबूस यांच्या मधल्या छटांचेही पक्षी मिळाले. अखेरीस हा डोंगरी तित्तिर म्हणजे राखी तित्तिराचाच एक रंगभेद होय, हें पक्षिशास्त्रज्ञांनीं मान्य केलें.

दुसरी हकीकत अधिक बोधप्रद आहे, कारण तिच्यांतील पंडित अधिक सावध होता. पाणलावा हा पक्षी महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. पावसाळा सरतां सरतां तो उत्तरेकडून येतो, आणि हिवाळाभर भातखाचरांच्या चिखलांत व तळ्यांच्या कांठीं आपली लांब सरळ चोंच खुपसून किडे शोधीत असतो. त्याच्या तपकिरी पाठीवर वाळलेल्या गवताच्या काड्यांसारखे पिंवळट पट्टे असतात आणि पोट पांढरें असतें. तो दबून बसला म्हणजे चार पावलांवरूनही दिसत नाहीं. पायाखालून भुर्रकन् उडाला म्हणजेच तो तेथें होता हें कळतें. हाच पाणलावा आयर्लंडच्या दलदलींतही राहतो. तेथें त्या वेळीं क्वीन्स काउंटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व आतां लीश म्हणतात त्या परगण्यांत, २१ ऑगस्ट १८२२ रोजीं, एका धर्मोपदेशकाच्या बंदुकीस एक चमत्कारिक पाणलावा बळी पडला. त्याच्या अंगावर पांढऱ्याचा ठिपकासुद्धां नव्हता. पाठीवरील पिंवळट पट्टेही नव्हते. सारें अंग काळसर असून त्यावर तांबूस तपकिरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा होत्या.

हा पक्षी निकोलस आयलवर्ड व्हिगर्स यांच्या हातीं आला. व्हिगर्स हे आयर्लंडांतीलच कार्लो परगण्यांतले. तरुणपणीं त्यांनीं नेपोलियनविरुद्धच्या स्पेनमधील युद्धांत भाग घेतला होता, आणि पुढें १८२६ सालीं लंडनची प्राणिशास्त्रीय संस्था स्थापन झाली तेव्हां तिचे पहिले चिटणीस तेच झाले. असा मनुष्य नुसत्या रंगावर भाळणारा नव्हता. त्यांनीं शेपटीचीं पिसें मोजलीं. साध्या पाणलाव्याच्या शेपटींत बहुधा चौदा पिसें असतात. ह्या पक्ष्याच्या शेपटींत बारा भरलीं. इतक्यांत ऑक्टोबर १८२४ मध्यें इंग्लंडांतील केंट परगण्यांत, मेडवे नदीच्या कांठीं, तसाच दुसरा पक्षी मारला गेल्याचें कळलें. एक पक्षी म्हणजे अपवाद. पण दोन ठिकाणीं दोन पक्षी म्हणजे साक्ष. व्हिगर्स यांनीं १८२५ सालीं लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेंत त्याचें वर्णन छापलें आणि सॅबाइन नामक एका विद्वानाच्या सन्मानार्थ त्यास 'सॅबाइनचा पाणलावा' असें नांव दिलें.

येथें व्हिगर्स यांच्या एका आवडत्या मताचा उल्लेख केला पाहिजे. निसर्गांतील प्राणी पांचपांचांच्या वर्तुळांत मांडलेले आहेत, असें मानणारा एक पंथ त्या काळीं इंग्लंडांत होता, आणि व्हिगर्स हे त्याचे पुरस्कर्ते होते. अशा मांडणींत कोठें कोठें जागा रिकाम्या राहत. ज्याच्या मनांत रिकाम्या जागा तयार आहेत, त्यास नवीन पाहुणा नकोसा होत नाहीं. ह्या मतामुळेंच त्यांची फसगत झाली, असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु नवीन जात मानावी कीं नाहीं, ह्या विचारांत मनाचा तोल कोणत्या बाजूस झुकला असेल, हें त्यावरून ध्यानांत येतें.

पुढें काय झालें? काळे पाणलावे मिळतच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अशा कित्येक डझन पक्ष्यांची नोंद झाली, आणि त्यांतील मोठा वाटा आयर्लंडचाच होता. पण नोंदी जसजशा वाढल्या, तसतसा त्या जातीचा पाया खचत गेला. शेपटीचीं पिसें कोणाचीं बारा तर कोणाचीं चौदा भरूं लागलीं. आणि साध्या पाणलाव्याची शेपटीही चौदाच पिसांशीं बांधलेली नाहीं, तींत कमीजास्त होतें, असें आढळून आलें. ह्या काळ्या पक्ष्यांचा वेगळा थवा, वेगळा प्रदेश, काळ्या आईबापांचें काळ्या पिलांनीं भरलेलें घरटें कोणीही दाखवूं शकला नाहीं. ते नेहमीं एकटे, साध्या पाणलाव्यांच्या मेळ्यांतच सांपडत. १८९५ सालीं जेरल्ड बॅरेट-हॅमिल्टन यांनीं 'आयरिश नॅचरलिस्ट' या मासिकांत ह्या पक्ष्यावर लेख लिहिला, तेव्हां त्यांनीं त्यास स्वतंत्र जात न मानतां साध्या पाणलाव्याचा एक प्रकार म्हणूनच त्याचा उल्लेख केला. ज्या मनुष्यानें रंगावर विसंबून न राहतां पिसें मोजलीं, तोही फसला; कारण त्यानें पिसें मोजलीं तीं दोन पक्ष्यांचीं, आणि जात ही दोन पक्ष्यांवरून ठरत नसते.

तिसरी हकीकत मोराची, म्हणून आपल्या अधिक जिव्हाळ्याची. मोर मूळचा हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील. पण फार प्राचीन काळापासून तो युरोपांत पाळला जातो, आणि इंग्लंडांतील जमीनदारांच्या बागांतून त्याचे मोठमोठे कळप असत. अशा कळपांत मधूनच एक विलक्षण नर दिसे. साध्या मोराच्या पंखावर खांद्याजवळ बदामी व काळ्या रंगाच्या आडव्या लहरी असतात. ह्याचा तो भाग मात्र निळसर झांक असलेला गडद काळा असे. त्याची लांडोर याच्या उलट, नेहमींच्या लांडोरीहून पुष्कळच फिकट असे. काळी लाख चढवून चकचकीत केलेल्या जपानी पेट्यांवरून इंग्रज लोक ह्या मोरास 'जपानी लाखेचा मोर' म्हणत. जपान देशाशीं त्याचा एरवीं कांहीं संबंध नव्हता.

१८६० सालीं फिलिप लटली स्क्लेटर यांनीं ह्या मोरास 'काळ्या पंखांचा मोर' असें शास्त्रीय नांव देऊन स्वतंत्र जातीच्या पंक्तीस बसविलें. योगायोग असा कीं, हे स्क्लेटर त्याच वर्षापासून १९०२ पर्यंत, पूर्वीं व्हिगर्स यांनीं भूषविलेल्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या चिटणीसपदावर होते. त्यांच्या म्हणण्यास आधार नव्हता असें नाहीं. काळ्या खांद्याच्या जोडप्यास पिलें होत तीं काळ्या खांद्याचींच होत, आणि वंशपरंपरा तसेंच चाले. मग हा पक्षी रानांत कोठें आहे? हिंदुस्थानांत तर तो कोणी पाहिला नव्हता. तेव्हां दुसऱ्या कोणत्या तरी देशांत तो पुढेंमागें रानटी स्थितींत सांपडेल, असा स्क्लेटर यांचा विश्वास होता. प्राणिसंग्रहालयांतील वडील माणसाचें उत्तर आणि हें उत्तर यांत फरक फारसा नाहीं!

ह्या मतास चार्लस् डार्विन यांनीं १८६८ सालीं, पाळीव प्राण्यांतील व वनस्पतींतील बदलांवरील आपल्या ग्रंथांत, उत्तर दिलें. त्यांनीं दूरच्या देशाचा शोध केला नाहीं. जवळच्या बागांची चौकशी केली. सर रॉबर्ट हेरन या गृहस्थांनीं १८३५ सालींच आपल्या मोरांच्या निरीक्षणांचें टिपण प्रसिद्ध केलें होतें. त्यांच्या व इतरांच्या माहितीवरून असें निष्पन्न झालें कीं, ज्या कळपांत बाहेरून एकही काळ्या खांद्याचा पक्षी आणला नव्हता, तेथें तो साध्या मोरांच्याच पोटीं एकाएकीं जन्मास आला होता. एका ठिकाणीं तर सारा कळप निव्वळ साध्या मोरांचा होता. इतकेंच नव्हे, तर नवा प्रकार आकारानें लहान व शक्तीनें कमी असूनही दोन कळपांत तो वाढत वाढत जुन्या प्रकारास पार मागें सारून बसला. आईबाप जर साधे मोर आहेत, तर मुलगा परक्या जातीचा कसा? डार्विन यांचा निष्कर्ष असा कीं, हा जुन्याच जातींत मधून मधून प्रगट होणारा एक ठळक फरक होय. पण तो असा एकाएकीं कां प्रगट व्हावा आणि एकदां प्रगट झाल्यावर पुसून कां जाऊं नये, ह्याचा उलगडा करण्याचें साधन मात्र त्यांच्याजवळ नव्हतें.

तें साधन त्याच वेळीं तयार होऊन पडलें होतें. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ सालीं छापून निघाला होता. परंतु १९०० सालापर्यंत विद्वानांचें लक्ष तिकडे गेलें नाहीं. मेंडेलच्या तत्त्वाप्रमाणें प्रत्येक गुणाच्या दोन सूचना पिलास मिळतात, एक बापाकडून व एक आईकडून. त्यांतील एखादी सूचना अशी भिडस्त असते कीं, दुसरी नेहमींची सूचना सोबतीस असल्यास ती मुळींच डोकें वर काढीत नाहीं; दोन्ही सूचना तशाच मिळाल्या तरच ती प्रगट होते. मोराच्या काळ्या खांद्याचा रंग ह्याच प्रकारचा आहे, असें विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत केलेल्या प्रजननाच्या प्रयोगांनीं सिद्ध झालें. सर्वच रंगभेद असे भिडस्त नसतात. कांहींना एकच सूचना पुरते. परंतु जे भिडस्त असतात, त्यांचें दुर्मिळपण कसें उत्पन्न होतें हें साध्या हिशेबानें कळतें. समजा, शंभर पक्ष्यांत एकाच्या अंगीं अशी सूचना गुप्त आहे. तर सहज जमलेल्या जोडप्यांपैकीं नर व मादी दोघांच्याही अंगीं ती असण्याचा योग दहा हजारांत एक. आणि अशा जोडप्याच्याही पिलांत चारांत एकच तो रंग घेऊन येणार. म्हणजे चाळीस हजार पिलांत एक! मोकळ्या रानांत हा योग विरळा. पण भिंतींनीं वेढलेल्या बागेंत, जेथें सारा कळप चार दोन पूर्वजांपासून वाढलेला असतो आणि चुलतमावस भावंडेंच जोडीला येतात, तेथें तो वारंवार यावा ह्यांत नवल नाहीं. रानांत न दिसणारा मोर बागेंत कां दिसे, ह्याचा उलगडा असा झाला. त्याचा देश शोधण्याचें कारणच उरलें नाहीं.

रंग स्वतः काय आहे, हेंही आतां पुष्कळ कळलें आहे. पिसांतील काळा, तपकिरी व तांबूस रंग मुख्यतः मेलॅनिन नांवाच्या द्रव्याचा असतो. त्याचे दोन प्रकार, एक काळसर व एक तांबूस. पहिल्याचें प्रमाण बेसुमार वाढलें कीं काळा पाणलावा होतो; दुसऱ्यानें सारें अंग व्यापलें कीं तांबूस तित्तिर होतो. पक्ष्यांच्या कित्येक जातींत हा काळेपणा एकाच जनुकांतील लहानशा फरकानें उत्पन्न होतो, असें आढळलें आहे. मोराच्या निळ्याची गंमत याहून निराळी आहे. त्याच्या पिसांत निळा रंग असा मुळीं नाहींच. मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या तेथें जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि त्या रचनेमुळें परत फिरणारा प्रकाश निळा-हिरवा दिसतो. पिसांत मेलॅनिनच उतरलें नाहीं, तर जाळी नाहीं, म्हणून निळाई नाहीं, मोर पांढरा. त्याचे डोळे मात्र रंगहीन होत नाहींत. म्हणजे ज्या फरकावरून आपण देश वेगळा, जात वेगळी असें म्हणतों, तो फरक पुष्कळदां एका द्रव्याच्या असण्यानसण्याइतकाच असतो.

ह्या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. वर ज्या डझनावारी काळ्या पाणलाव्यांचा उल्लेख आला, त्यांची नोंद होण्याचें कारण बहुशः एकच, ते मारले गेले. ज्या काळीं हातांत मेलेला पक्षी आल्यावांचून विद्वानांचा विश्वास बसत नसे, त्या काळीं निराळा रंग म्हणजे मरणाचें बोलावणेंच होतें. साधा पाणलावा गवतांत लपून वांचे. आणि उडालाच, तर शंभरांतील एक म्हणून शिकारी एखादे वेळीं त्यास सोडूनही देई. काळ्याच्या वांट्यास ती उपेक्षा नव्हती. आपल्या देशांतही याहून वेगळें घडलें नाहीं. १८८३ सालीं मुंबईस निसर्गेतिहास मंडळी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकांत शिकाऱ्यांनीं व अंमलदारांनीं पाठविलेलीं, पांढरे किंवा काळे पक्षी मिळाल्याचीं टिपणें वेळोवेळीं छापलेलीं आहेत. त्या टिपणांनीं ज्ञान वाढलें, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. मात्र त्या ज्ञानाची किंमत कोणी दिली, हेंही विसरूं नये. आतां काळ पालटला आहे. मोरास १९६३ सालीं राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला, १९७२ च्या कायद्यानें त्यास मारणें गुन्हा ठरलें, आणि निराळ्या रंगाचा पक्षी दिसल्यास आतां बंदुकीऐवजीं छायाचित्राचें यंत्र पुढें होतें. छायाचित्र काढलेला पक्षी दुसऱ्या दिवशींही तेथेंच सांपडतो. आणि तो कोणांत मिसळतो, कोणाशीं जोडी करतो, हें जें व्हिगर्स यांना मेजावरच्या पक्ष्यावरून कळणें शक्य नव्हतें, तें त्यावरून कळूं शकतें.

मराठींत 'जात' हा एकच शब्द आपण पक्ष्यांनाही लावतों आणि माणसांनाही. ह्या शब्दाचा माणसांत काय उपयोग झाला, तें येथें सांगण्याची जरूर नाहीं; तो इतिहास वाचकांच्या घरोघरीं आहे. पक्ष्यांच्या बाबतींत मात्र शास्त्रानें एक गोष्ट निर्विवाद ठरविली आहे. ब्रिसोंचा तित्तिर, व्हिगर्सचा पाणलावा, स्क्लेटरचा मोर ह्यांपैकीं एकही बाहेरून आलेला नव्हता. उडदांत काळेगोरे निवडीत बसावें, तसे विद्वान् ज्यांना निवडून वेगळे काढीत होते, ते त्याच पोत्यांतले होते. आणि ह्याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, तो दुर्मिळ रंग केवळ त्या एका पक्ष्यापाशीं नसतो. काळ्या खांद्याचा मोर मारला गेला, तरी त्याची गुप्त सूचना घेऊन त्याचे साधे दिसणारे भाऊ व साध्या दिसणाऱ्या बहिणी कळपांत हिंडतच असतात. आपणांस जो अपवाद दिसतो, तो सामान्यांच्याच पोटीं पिढ्यान् पिढ्या न दिसतां वास करीत असतो.

तेव्हां पांढऱ्या मोराच्या पिंजऱ्यापुढें मुलानें पुन्हां तोच प्रश्न केला, तर उत्तर कठीण नाहीं. "हा इथलाच, आपल्या निळ्या मोराचा भाऊ," एवढें सांगावें. मूल बहुधा दुसरा प्रश्न विचारील, "मग ह्याला वेगळा कां ठेवला आहे?" त्याचें उत्तर मात्र वडिलांनीं नीट विचार करून द्यावें.